ऑरव्हलची ऑटोमॅटिक आणि डचेस घोडी

एल्कहॉर्न खोऱ्यात घोडी पोचवणाऱ्या माणसाची परीक्षा एकाच गोष्टीवर व्हायची. ट्रेलरचं मागचं दार उघडून घोडं खाली उतरलं की मालक त्याच्या छातीखाली, पुढच्या दोन पायांच्या मधे हात घालून बघायचा. हात कोरडा आला तर कोणी काही बोलत नसे. हात घामाने ओला आला तरी कोणी काही बोलत नसे. फक्त पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जायचा.

ऑरव्हल टिस्डालच्या ट्रेलरमधून घोडी कोरडी उतरायची. तरुणपणापासून तो हेच काम करत आला होता. जूनमध्ये खोऱ्यातले गुरंवाले आपापले कळप वर बिगहॉर्न डोंगरातल्या कुरणांवर न्यायचे आणि सप्टेंबरात, बर्फ पडायच्या आत, खाली आणायचे. गुराख्यांची घोडी मात्र ट्रेलरमधून जायची-यायची आणि ती नेण्या-आणण्याचं काम ऑरव्हलचं. मधल्या दिवसांत तो कुणाचं गवत ओढून दे, कुणाची म्हातारी घोडी डॉक्टरकडे ने, असलं काहीबाही करायचा. स्वभावाने अबोल. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, एवढंच त्याचं बोलणं. पण घोड्यांचा विषय निघाला की तोंड उघडायचा.

"अरे, तू खुर्चीत बसून गाडी चालवतोस," तो नव्या पोरांना सांगायचा. "ते बिचारं मागे उभं असतं. तू ब्रेक मारलास की तुझ्या आधी त्याच्या गुडघ्यांना कळतं."

हे सगळं त्याने केलं ते एका हिरव्या पिकअपवर. तिचा गियरचा दांडा जमिनीतून वर आलेला, लांबलचक. त्याची मूठ कधीच झिजून गेली होती, म्हणून ऑरव्हलने सासूच्या घराच्या दाराची पांढरी चिनी मातीची मूठ काढून तिथे बसवली होती. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नसे आणि उजव्यानेही बेताचंच. पण इंजिन काय म्हणतंय ते त्या मुठीतून त्याच्या तळव्याला कळायचं. सॅडल घाट उतरताना तो वरच गाडी दुसऱ्या गियरमध्ये टाकायचा आणि मग पाय काढून घ्यायचा. गाडी इंजिनाच्या जोरावर कण्हत कण्हत खाली यायची. मागे घोडी चक्क डुलक्या काढायची.

पुढे त्या गाडीचा तळ गंजला. एके दिवशी चर्चला जाताना ऑरव्हलच्या बायकोला, मार्जीनला, आपल्या दोन बुटांच्या मधून रस्ता पळताना दिसला.

"ऑरव्हल," ती म्हणाली, "मला पायाखाली पिवळी रेघ दिसतेय."

"म्हणजे गाडी रस्त्याच्या मधे गेली असेल. घेतो बाजूला."

"गाडी रस्त्याच्या मधे आहे की नाही हा प्रश्नच नाही! एक तर ही गाडी जाईल, नाही तर मी जाईन. आणि मी गेले तर या भोकातूनच जाईन."

तेव्हा दुसरी गाडी घेणं आलं. ऑरव्हलला दांड्याचीच हवी होती. पण तेवढं ओझं ओढणारी दांड्याची पिकअप आता कुणी बनवतच नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं. शेवटी बिलिंग्ज शहरातल्या एका निवृत्त दंतवैद्याची पांढरी, ऑटोमॅटिक पिकअप घरी आली. आत कसलाही वास नव्हता. इंजिन चालू आहे की बंद, हेसुद्धा ऑरव्हलला कळेना.

गाडीत क्लच नव्हता. हे त्याच्या डोक्याला पटलं होतं, पण डाव्या पायाला कुणी सांगितलं नव्हतं. एवढी वर्षं चढ दिसला की तो पाय आपोआप उठायचा आणि क्लच दाबायचा. आता तिथे क्लचऐवजी हातभर रुंद ब्रेक होता. पहिल्याच दिवशी तो दुकानासमोर गाडी उभी करायला गेला, पाय सवयीने दणकन खाली गेला आणि मार्जीनच्या मांडीवरची अंड्यांची टोपली काचेवर जाऊन आदळली.

"आता नाश्ता पुसून घे," मार्जीन म्हणाली.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पण जूनमध्ये घोडी वर न्यायची वेळ आली.

ट्रेलरमध्ये लाइल डॉकरीची डचेस होती. लाइल हा गुरंवाल्यांच्या मंडळाचा प्रमुख, मोठा सज्जन माणूस. डचेस त्याची लाडकी तांबडी घोडी, नावाप्रमाणेच थोडी मिजासखोर. घाटाच्या पायथ्याशी रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी आहे, गुरांनी ओलांडू नये म्हणून घातलेली. तिच्या आधी गियर उतरवायचा, ही ऑरव्हलची जन्माची सवय. पाय उठला आणि खाली गेला. गाडी जागच्या जागी थांबली. मागून धाडकन आवाज आला. तो ऑरव्हलच्या बहिऱ्या कानालाही ऐकू गेला.

वर पोचल्यावर दार उघडलं तेव्हा डचेस फेसाने पांढरी झाली होती. तिचा एक गुडघा सोललेला होता. लाइलने हात घालून बघितला नाही. बघायची गरजच नव्हती.

परत येताना ट्रेलर रिकामा होता, तरी ऑरव्हलची घडी बसली नाही. गियरची जागा 'डी'वर, गाडी आपली आपण ठरवणार, आणि उतारावर तिने ठरवलं ते असं की सुसाट सुटायचं. तो ब्रेक दाबत राहिला. खालच्या वळणावर आला तेव्हा चाकांमधून पांढरा धूर निघत होता. तिथे त्याच्या आधीच आपल्या गाडीने खाली पोचलेला लाइल आणि आणखी दोघं गुरंवाले उभे होते.

"आम्हाला वाटलं, कुणीतरी बार्बेक्यू लावलंय," त्यातला एक म्हणाला. "आम्ही प्लेटा आणायला निघालो होतो."

ऑरव्हल हसला. लाइलही हसला, पण मग त्याने टोपी डोक्यावर सारखी केली. ही त्याची अवघड बोलायच्या आधीची खूण होती.

"ऑरव्हल, सप्टेंबरात घोडी आणायला पलीकडच्या खोऱ्यातल्या माणसाला सांगतो यंदा. तू दमला असशील."

"मी दमलेलो नाही."

"मला माहीत आहे," लाइल म्हणाला. आणि तो आपल्या गाडीकडे वळला.

घरी आल्यावर ऑरव्हल बराच वेळ गाडीतच बसून राहिला. मार्जीनने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि त्याला हाक न मारता जेवण झाकून ठेवलं. घोडी पोचवायचं काम गेलं तर हा माणूस सकाळी उठून बूट कशासाठी घालणार, हा प्रश्न तिलाही पडला होता.

दुसऱ्या आठवड्यात मर्सर गावच्या कॅफेत तिने नॅडिन प्रुइटला गाठलं. नॅडिन म्हणजे शाळेची बस चालवून निवृत्त झालेली बाई. डोंगराच्या दोन्ही अंगांची पोरं तिने बर्फातून, पावसातून शाळेत पोचवली होती. आवाज असा की मागच्या बाकावरचा पोरगाही खिशातली बेचकी काढून पुढे पाठवत असे.

"तुझ्या नवऱ्याच्या ब्रेकचा वास आमच्या अंगणापर्यंत आला," नॅडिन म्हणाली.

"तेच सांगायला आलेय. बघ ना जरा त्याच्याकडे."

"तो ऐकेल?"

"ऐकू येत नाही त्याला. पण बघेल."

नॅडिन येऊन पांढऱ्या गाडीत शेजारच्या सीटवर बसली. ऑरव्हल गाडीच्या बाहेरच उभा राहिला, हात खिशात घालून.

"नॅडिन, मला गाडी चालवायला शिकवणार तू?"

"नाही. तुला येते. गाडीला तू येत नाहीस. बस."

तो बसला. नॅडिनने चष्मा लावला आणि गियरच्या दांड्याकडे बघितलं. स्टिअरिंगच्या मागून निघालेला तो आखूड दांडा. त्याच्या टोकाला अधिक आणि वजा अशी दोन खुणांची बटणं.

"ही बटणं कधी दाबलीस?"

"रोज दाबतो. बिघडलीयेत."

"बिघडलीयेत म्हणजे?"

"रेडिओचा आवाज वाढत नाही. अधिक दाबून दाबून अंगठा दुखला."

नॅडिनने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. हसू आवरायला तिला तेवढा वेळ लागला. "ऑरव्हल, हे रेडिओचं नाही. हे गियरचं आहे."

"गियर गाडी टाकते. दंतवैद्य म्हणाला."

"दंतवैद्याने घोडी नेली होती का घाटातून? हे बघ, 'डी'च्या खाली 'एम' आहे. दांडा तिथे आणलास की गियर तू टाकायचे. वजा म्हणजे खालचा, अधिक म्हणजे वरचा. क्लच नाही एवढंच. माझ्या बसला पण अशीच सोय होती. नाहीतर एवढी पोरं मी काय ब्रेकवर उतरवली?"

ऑरव्हलने त्या बटणांकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा बटणांकडे.

"म्हणजे एवढे दिवस ही सोय इथे होती?"

"दंतवैद्याच्या आधीपासून."

"आणि रेडिओ?"

"त्याचं बटण रेडिओवरच आहे बाबा."

पण आधी डाव्या पायाची सोय लावायला हवी होती. नॅडिन म्हणाली, बूट काढून बस, म्हणजे पाय नागडा आहे हे पायाला आठवेल. ऑरव्हलने काढला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मोज्यातला पाय बुटातल्यासारखाच दणकन ब्रेकवर गेला. नॅडिन म्हणाली, दोरीने बांध सीटला. ऑरव्हल म्हणाला, मी वासरू नाही.

शेवटी मार्जीन पुढे आली. तिच्या हातात ताजा चेरी-पाय होता, म्हणजे पिठाच्या पारीत रानचेरी भरून भाजलेला गोड पदार्थ, वरचा पापुद्रा अजून वाफाळत असलेला. तो तिने गाडीत खाली, ऑरव्हलच्या डाव्या पायाच्या आणि ब्रेकच्या बरोबर मधे ठेवला.

"काय करतेस?"

"पाय उचललास तर यात जाईल. दिवसभर उन्हात चेरी मी तोडल्यात, बिया मी काढल्यात. आता चालव."

पहिला चेरी-पाय गेला. ऑरव्हल घरी आला तेव्हा डाव्या मोज्यावर घोट्यापर्यंत जांभळा रस होता. मार्जीनने मोजा धुवायला टाकला. दुसऱ्या दिवशी तिने दुसरा ठेवला. त्याचीही कड एका बाजूने चेपली. तिसऱ्या चेरी-पायापासून मात्र डावा पाय मुकाट्याने मागे, सीटच्या खाली जाऊन बसायला शिकला. तो तिसरा चेरी-पाय त्यांनी तिघांनी गाडीच्या मागच्या फळीवर बसून खाल्ला. नॅडिन म्हणाली, एवढी चविष्ट शिकवणी तिने जन्मात घेतली नव्हती.

मग घाट. ट्रेलरमध्ये घोड्यांच्या वजनाएवढे गवताचे गठ्ठे भरले आणि दोघं वर गेले. चढताना ऑरव्हलने 'एम'मध्ये तिसरा गियर धरला. आधी 'डी'वर गाडी सारखी गियर बदलायची. तिसरा, चौथा, पुन्हा तिसरा, एखाद्याने रात्रभर कूस बदलावी तशी. आता ती एकच सूर धरून चढली. ऑरव्हलची पाठ सीटला टेकली. नॅडिनने ते बघून घेतलं.

उताराला सुरुवात झाली तेव्हा मात्र त्याने घाई केली. गाडी वेगात आली आणि मग त्याने वजा दाबला. समोरचा गियरचा आकडा लुकलुकला आणि तिथेच राहिला. पुन्हा दाबला. पुन्हा लुकलुकला.

"ऐकत नाही ही!"

"ऐकणार नाही. एवढ्या वेगात खालचा गियर घेतला तर इंजिन फुटेल, हे तिला कळतं. हिरव्या गाडीत तू आधी काय करायचास?"

"आधी हळू व्हायचो. मग टाकायचो."

"मग?"

त्याने ब्रेकवर उजवा पाय एकदाच नीट दाबला, वेग कमी केला, सोडला आणि वजा दाबला. या वेळी गाडीने गियर घेतला. इंजिनाने एकदम मोठा हंबरडा फोडला. ऑरव्हल दचकला.

"फुटतंय की काय!"

"ओरडू दे त्याला," नॅडिन म्हणाली. "ओरडतंय म्हणजे काम करतंय. माझा नवरा गप्प झाला की मला कळायचं, हा झोपला."

आणखी एक वजा. दुसरा. ऑरव्हलने दोन्ही पाय पेडलांवरून काढून घेतले. पांढरी गाडी, मागे गठ्ठ्यांनी भरलेला ट्रेलर, सगळं मिळून सॅडल घाटाच्या वळणांवरून सावकाश, एकाच चालीने खाली येऊ लागलं. इंजिनाचा आवाज त्याच्या कानात पुरता शिरत नव्हता, पण सीटमधून, पाठीच्या कण्यातून त्याला तो कळत होता. एका लांब वळणावर त्याचा उजवा हात नकळत खाली गेला, चिनी मातीची मूठ असायची तिथे. मूठ नव्हती. हात परत आला आणि अंगठा वजा-अधिकच्या बटणावर अलगद विसावला.

खाली आल्यावर नॅडिनने उतरून चाकाजवळ नाक नेलं. "वास नाही," ती म्हणाली. "घरी जाते. माझी शिकवणी संपली."

त्यानंतर उन्हाळाभर ऑरव्हल काहीतरी निमित्त काढून घाट चढायचा-उतरायचा. कधी गवत, कधी मिठाच्या विटा, कधी नुसतंच. मार्जीन म्हणायची, हा माणूस मला लग्नाच्या आधीसुद्धा एवढा फिरवायला नेत नव्हता.

पण लाइलने त्या दुसऱ्या माणसाला शब्द दिला होता. सप्टेंबरात पलीकडच्या खोऱ्यातला माणूस आपला लांबलचक चकचकीत ट्रेलर घेऊन वर आला. ऑरव्हलला लाइलने फोन केला तो वेगळ्याच कामासाठी: गुराख्यांच्या तळावरचं सामान, खोगिरं, भांडी आणि लोखंडी चूल खाली आणायला.

"चूल," ऑरव्हल फोन ठेवून म्हणाला.

"चूल घाम गाळत नाही," मार्जीन म्हणाली. "चल, मी येते."

तो नुसती पिकअप नेऊ शकला असता. पण त्याने मागे ट्रेलर जोडला.

तळावर पोचले तेव्हा उत्तरेकडे आभाळ शिशासारखं झालं होतं. बाकीची घोडी चकचकीत ट्रेलरमध्ये चढली होती. डचेस मात्र चढत नव्हती. दोन माणसं पुढून ओढत होती, एक मागून ओट्सची बादली वाजवत होता. ती ट्रेलरच्या दारापाशी यायची, आतलं लोखंड बघायची आणि सगळं अंग मागे टाकायची. जूनपासून कुठल्याही ट्रेलरला ती असंच करत होती.

पलीकडच्या खोऱ्यातला माणूस भला होता. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. "लाइल, आणखी थांबलो तर ही बाकीची घेऊन मी बर्फात अडकेन. मला निघू दे."

तो गेला. लाइल डचेसचा दोर धरून उभा राहिला. त्याचा खुबा दुखरा होता; घोडीवर बसून घाट उतरणं त्याला शक्य नव्हतं. पोरं गुरांमागे गेली होती. आणि तिला इथे सोडून जाणं म्हणजे रात्रीच्या बर्फात सोडणं.

ऑरव्हल चूल गाडीत चढवून आला. हात पँटीला पुसत लाइलसमोर उभा राहिला.

"मला बघू दे एकदा."

"ऑरव्हल, ती तुझ्याच ट्रेलरमुळे अशी झालीय."

"म्हणूनच म्हणतो."

लाइलने टोपी सारखी केली. मग दोर त्याच्या हातात दिला.

ऑरव्हलने दोर ओढला नाही. ट्रेलरचं दार सताड उघडलं, दोर सैल सोडून आत गेला, बादली पालथी घातली आणि घोडीकडे पाठ करून बादलीवर बसला. खिशातून सँडविच काढलं आणि खायला लागला. डचेस बाहेर उभी, कान मागे. वारा सुटला होता. लाइलची कॉफी गार झाली. त्याने ती ओतून दुसरी घेतली, तीही गार झाली. मार्जीन गाडीला टेकून उभी होती.

"तू चिडलीस ते बरोबरच होतं," ऑरव्हल भिंतीकडे बघत म्हणाला. त्याला वाटत होतं तो हळू बोलतोय. बहिऱ्या माणसाचं हळू बोलणं तळावर सगळ्यांना ऐकू आलं. "ते इंजिन दंतवैद्याचं होतं. आता ते माझं आहे. बघ वाटलं तर."

आधी एक खूर फळीवर वाजला. मागे गेला. पुन्हा वाजला. मग ऑरव्हलच्या मानेवर गरम श्वास आला आणि सँडविचचा उरलेला तुकडा त्याच्या हातातून गेला. तो हलला नाही. मार्जीन आली, दार हळूच लावलं, कडी अशी बसवली की आवाजसुद्धा झाला नाही. ऑरव्हल ट्रेलरच्या पुढच्या छोट्या दारातून बाहेर आला.

लाइल आपल्या गाडीतून मागे निघाला.

घाटाच्या माथ्यावर ऑरव्हलने वेग आधीच उतरवला. दांडा 'एम'वर, एक वजा, मग आणखी एक. इंजिनाने आवाज चढवला. मार्जीनने सीटची कड धरली होती. पहिलं वळण गेल्यावर सोडली. बर्फाचे बारीक कण काचेवर येत होते. ऑरव्हल अवघड वळणाच्या आधी किंचित ब्रेक लावायचा, लगेच सोडायचा आणि बाकी सगळं इंजिनावर टाकायचा.

अर्ध्या वाटेवर एका वळणाआड रस्ताच नव्हता. म्हणजे होता, पण काळ्या गाईंखाली होता. शेजारच्या कुरणाचा अख्खा कळप रस्त्याने खाली चालला होता. सगळ्यात मागे एक बाई घोड्यावर होती. तिने गाडी बघून हात वर केला.

ऑरव्हलचा डावा पाय सीटखाली थरथरला. मार्जीनला तो दिसला. तिने श्वास रोखला. पाय तिथेच राहिला.

गाडी आधीच सावकाश होती. उजवा पाय ब्रेकवर अलगद टेकला, जसा कुणी झोपलेल्या माणसाच्या अंगावर हात ठेवावा तसा. अंगठ्याने वजा दाबला. पहिला. गाडी चालणाऱ्या माणसाच्या चालीवर आली आणि गाईंच्या मागे मागे रांगू लागली. मागून धाडकन काही वाजलं नाही. काही गाई बाजूने आरसा घासत मागे राहिल्या, त्यांचा वाफाळता श्वास काचेवर आला. घोड्यावरची बाई खिडकीशी आली.

"घाई आहे का?"

"नाही," ऑरव्हल म्हणाला.

आतून डचेस तिच्या घोड्याला उद्देशून एकदा खिंकाळली. रागाने नाही, ओळख दाखवल्यासारखी.

"आतली खुशीत दिसतेय," बाई म्हणाली आणि पुढे जाऊन तिने त्यांना वाट करून दिली.

पायथ्याला गोठ्यांपाशी गुरंवाले आणि नॅडिन उभे होते. चकचकीत ट्रेलरमधली घोडी केव्हाच उतरली होती. ऑरव्हलने गाडी उभी केली, पण खाली उतरला नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून बसला. मार्जीनने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. "जा ना."

"तू जा. मी इथून बघतो."

"आरशातून?"

"हो."

तोवर लाइल आपल्या गाडीतून उतरून लंगडत आला होता. "ऑरव्हल! तुझे मागचे लाल दिवे गेलेत की काय?"

"नाही. का?"

"अरे, सगळा घाट मी मागे होतो. ते जवळजवळ पेटतच नव्हते! मी म्हटलं, हा ब्रेक न लावताच खाली चाललाय, आता हा गेला, माझी घोडी गेली आणि चूलही गेली."

"चूल नीट बांधली होती," ऑरव्हल म्हणाला.

नॅडिन मोठ्याने हसली. लाइलने दार उघडलं. डचेस आत एक मागचा पाय दुमडून, खालचा ओठ लोंबवत उभी होती, घोडी डुलकी काढताना उभी राहते तशी. उजेड आल्यावर तिने डोळे मिचकावले, एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि घरच्या पायऱ्या उतरावं तशी खाली आली. लाइलने तिच्या छातीखाली हात घातला. काढला. हाताकडे बघितलं. मग त्याने तो हात ऑरव्हलच्या खिडकीशी नेऊन त्याच्या नाकासमोर उघडा धरला. कोरडा होता, आणि त्यावर घोडीचे दोन-तीन तांबडे केस होते.

ऑरव्हलने मान हलवली.

"उद्या मोकळा आहेस का?" लाइलने विचारलं.

"का?"

"वरच्या तळावर दोन खेचरं राहिलीत. पलीकडच्या खोऱ्यातला म्हणाला, घोडी नेईन, खेचरं नेणार नाही. एकाने त्याच्या भावाचा दात पाडलाय म्हणे."

"कुठलं?"

"पुढचा."

"दात नाही, खेचर कुठलं?"

"ते त्याने सांगितलं नाही. दोघांपैकी एक."

मार्जीनने कपाळावर हात मारला. "लाइल डॉकरी, हे तू माझ्या नवऱ्याला बक्षीस देतोयस की शिक्षा?"

"दोन्ही," लाइल म्हणाला. "पुढच्या जूनमध्ये घोडी वर न्यायची आहेत, सगळी. पण आधी ही खेचरं."

ऑरव्हलने गाडी चालू केली. दांड्याकडे बघितलं, अंगठा बटणावर ठेवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"किती वाजता येऊ?"